डॉक्टरांच्या नावापुढच्या अक्षरांचा अर्थ काय लावायचा? (आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सोलापूर)

शिलाईवाला_अशोकचौक

नमस्कार मंडळी. आईचं वय ६४, दोन्ही गुडघे कामातून गेलेत. तीस वर्षं पायमशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवले तिनं, आता जिना चढायचा म्हटलं की आधी कठड्याकडं बघती, मग वर देवाकडं. एक्स-रे बघून आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले वाटी बदलावी लागेल, आधी उजवी. त्यांनीच दोन नावं दिली आणि दोघंही चांगले आहेत, बघून घ्या म्हणाले. आता आम्ही काय बघणार? आम्हाला शिवण बघितली की कारागीर कळतो, डॉक्टरचं तसं नाही ना.

दोन्हीकडं जाऊन आलो. पहिल्यांच्या दारातली पाटी वाचून होईस्तोवर आमचा नंबर आला. एमएस ऑर्थो, डीएनबी ऑर्थो, एमसीएच ऑर्थो (यूके), त्यापुढं एफ-नं सुरू होणारी तीन नावं, मग फेलो जर्मनी, फेलो कोरिया, खाली सोनेरी अक्षरात गोल्ड मेडलिस्ट. आत वेटिंगला भिंतभर फोटो, कुठं मंत्र्याच्या हातून ट्रॉफी घ्यायलेत, कुठं एका नटीच्या हातून. डॉक्टर बोलायला चांगले, गुडघ्याचं प्लास्टिकचं मॉडेल हातात घेऊन सगळं समजावून सांगितलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्यांची पाटी म्हणजे नाव, खाली एमएस (ऑर्थो), खाली रजिस्ट्रेशन नंबर, संपलं. भिंतीवर सिद्धेश्वर तलावाचा फोटो आणि 'चपला बाहेर काढा'. हे कमी बोलतात. आईला खाली-वर चालायला लावलं, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं आणि म्हणाले अजून सहा महिने काढता येतील पण मग पाय जास्त वाकडा होईल.

बायको म्हणती पहिलेच बरे, एवढं शिकलेत ते उगाच का. मेव्हणा म्हणतो जेवढी पाटी मोठी तेवढं बिल मोठं. आई म्हणती गड्डा (आमची सिद्धेश्वराची यात्रा) होऊ दे, नंदीध्वज बघितल्याशिवाय मी कुठं आडवी होणार नाही. तर माझा साधा प्रश्न, ही अक्षरं, मेडलं, अवॉर्ड यातलं काय खरंच बघायचं असतं आणि काय सोडून द्यायचं? डॉक्टरांची नावं कुणी विचारू नका, मी सांगणार नाही.

---

पार्कचौक_कट्टा

गूगलचे स्टार बघा आणि मोकळे व्हा. आजकाल सगळं तिथं कळतंय.

---

हुतात्माबाग

वरच्यांना: स्टारचं काही सांगू नका. आमच्या गल्लीतल्या एका हॉस्पिटलात डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरची पोरगी नातेवाइकाचा मोबाईल हातात घेऊन पाच स्टार टाकून घेती, मग बिलाची पावती. आणि एक स्टार देणारे निम्मे पार्किंग मिळालं नाही म्हणून चिडलेले. गुडघ्याचं त्यात काय कळणार.

---

भूलवाला

मी भूल देणारा डॉक्टर. बावीस वर्षं सोलापूर आणि आजूबाजूच्या ओट्यांमध्ये फिरतोय (ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, गैरसमज नको). आमचं काम असं की आज या सर्जनकडं, उद्या त्या सर्जनकडं, त्यामुळं पाट्याही बघितल्यात आणि पाटीमागचे हातही बघितलेत. जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

कुठलंही अक्षर दिसलं की मनात एकच विचारायचं, हे मिळालं कसं? वर्षानुवर्षं राबून आणि परीक्षा देऊन, की अर्ज करून फी भरून, की कुणीतरी बोलावून गळ्यात घातलं. तिन्हीला पाटीवर जागा तेवढीच लागते, तिथंच सगळा घोळ आहे.

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं आणि वर वर्षभराची इंटर्नशिप. त्यावर एमएस ऑर्थो (हाडांच्या सर्जनची पदवी) तीन वर्षं, आणि ती तीन वर्षं म्हणजे कॉलेजात बसून वाचणं नव्हे तर सिव्हिलसारख्या ठिकाणी रात्री दोनला ट्रॅक्टरखाली आलेला पाय सांधत उभं राहणं. डीएनबी ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, मंडळ १९७५ पासून आहे आणि ती पदवी एमएसच्या बरोबरीची, खालची नाही, वरचीही नाही. आता एखाद्यानं एमएस झाल्यावर त्याच विषयाची डीएनबीची परीक्षाही दिली असेल तर हुशार माणूस म्हणा, परीक्षा अवघड असते, पण ऑर्थोपेडिक दोनदा शिकला असा त्याचा अर्थ नाही. पाटीवर मात्र दोन ओळी होतात. जुन्या डॉक्टरांपुढं डी ऑर्थो दिसेल, तो दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि त्यातली काही मंडळी इतकी हातखंडा आहेत की माझ्या स्वतःच्या वडिलांचं खुब्याचं हाड मी डी ऑर्थोवाल्याकडून बसवून घेतलंय.

एमसीएचचं नीट समजून घ्या. आपल्याकडं एमसीएच म्हणजे एमएसनंतर आणखी तीन वर्षं, न्यूरोसर्जन, युरोसर्जन, प्लास्टिक सर्जन यांची. परदेशातल्या काही विद्यापीठांची ऑर्थोमधली एमसीएच मात्र साधारण वर्षाची मास्टर्स असते, अभ्यास आणि प्रबंध जास्त. वाईट काहीच नाही त्यात, पण ती आणि आपली तीन वर्षांची एमसीएच एक नव्हे, आणि वाचणाऱ्याला ती एकच वाटते.

आता एफ. एफ म्हणजे फेलो, आणि हा शब्द म्हणजे मंडईतली पिशवी, काहीही मावतं. इंग्लंडच्या रॉयल कॉलेजांचं बघा, फिजिशियन लोकांची एमआरसीपी ही घाम काढणारी परीक्षा, टप्प्याटप्प्यानं द्यावी लागते. एफआरसीपी मात्र परीक्षा नाही, ती नंतर काम बघून, शिफारशीवरून दिली जाते. आणि लोकांना वाटतं एम (मेंबर) लहान आणि एफ मोठी परीक्षा. सर्जनच्या एफआरसीएसचं परत वेगळं, ती बहुतेकांनी परीक्षा देऊन मिळवलेली असते पण मानद म्हणूनही देतात. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स १९१३ सालचं, त्यांची एफएसीएस घ्यायला अर्ज, शिफारसपत्रं, कामाची तपासणी असं सगळं आहे पण लेखी परीक्षा नाही. शिवाय आपल्याकडं दुर्बिणीच्या सर्जरीच्या काही संघटना आहेत, काही दिवसांचा कोर्स आणि त्यावर परीक्षा घेऊन फेलोशिप देतात. म्हणजे कुठं पाच-सहा वर्षं, कुठं पाच-सहा दिवस, अक्षर एफच.

जॉइंट रिप्लेसमेंटमधली फेलोशिप मात्र तुमच्या कामाची आहे. एमएसनंतर एखाद्यानं मोठ्या सेंटरला वर्षभर फक्त गुडघे आणि खुबेच केले असतील तर त्याला मी पाटीवरच्या इतर सगळ्यापेक्षा जास्त मार्क देईन. पण दोन आठवडे जाऊन बघून आले त्यालाही फेलोशिपच म्हणतात. तेव्हा सरळ विचारा, सर किती दिवस होतात तिथं, आणि वॉश होऊन (ऑपरेशनसाठी हात धुऊन) टेबलाला उभे होतात की लांबून बघत होतात. ज्यानं खरंच केलंय तो माणूस या प्रश्नावर खुलतो, गोष्टी सांगायला लागतो. दुसरा घड्याळाकडं बघतो.

अवॉर्डचं सांगतो आणि थांबतो. वर्षातून चार-पाच वेळा मला फोन येतो, सर तुमची निवड झालीय, महाराष्ट्रातले अग्रगण्य भूलतज्ज्ञ, पंचतारांकित हॉटेलात कार्यक्रम, अमुक अभिनेत्री येणार. मी विचारतो निवड कुणी केली, मग ते प्लॅटिनम आणि गोल्ड पॅकेज सांगतात, प्लॅटिनममध्ये ट्रॉफी, फोटो आणि मासिकात दोन पानं, वर जीएसटी वेगळा. मी एकदा गंमत म्हणून म्हटलं मला ट्रॉफी नको, नुसतं जेवायला येऊ का? फोन ठेवला त्यांनी. आता हेही खरं की भिंतीवरच्या सगळ्याच ट्रॉफ्या अशा नसतात. पण कुठली कशी हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही, म्हणून मी तर भिंत बघतच नाही.

---

पूर्वभाग_पोट्टा

लै भारी लिहिलाव सर. पण मला एक सांगा, आपल्या सोलापूरचे कोटणीस डॉक्टर, त्यांच्या नावापुढं काय होतं बे? १९१० ला इथं जन्मले, मुंबईला जीएस मेडिकलला शिकले, पुढच्या डिग्रीचा अभ्यास चालू होता तो सोडून १९३८ ला चीनला गेले. तिथं लढाईतल्या जखमींची ऑपरेशनं करकरून १९४२ ला तिथंच गेले, वय किती, ३२. भैय्या चौकात त्यांच्या घरात स्मारक हाय, आजपण चीनची माणसं येऊन डोकं टेकवून जातेत. कुठली एफ नाही, कुठली नटी नाही. म्हणून म्हणालाव, दुसरे डॉक्टर पक्के करा. साधी पाटी म्हणजे काम चोख.

---

भूलवाला

पूर्वभाग, कोटणीसांपुढं हात जोडूनच बोलतो, पण हे उदाहरण इथं बसत नाही भावा. ती लढाई होती, समोर जो असेल त्यानं कापायचं आणि शिवायचं, आणि गुडघ्याची वाटी बदलणं हा प्रकार तेव्हा कुठं रुळलेलाच नव्हता. आज त्यांना म्हटलं असतं वाटी बदला तर त्यांनीच आधी विचारलं असतं शिकायला कुठं जाऊ. साधी पाटी म्हणजे काम चोख हेही तेवढंच भोळं आहे जेवढं लांब पाटी म्हणजे काम चोख. साध्या पाटीचा माणूस वीस वर्षं फक्त फ्रॅक्चर करत असेल आणि गुडघे वर्षाला तीन, तर त्या पाटीच्या साधेपणाचं काय लोणचं घालायचंय?

---

सिव्हिलचा_रेसिडेंट

गोल्ड मेडलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी इथंच वैशंपायन मेडिकल कॉलेजला (सोलापूरकरांच्या भाषेत सिव्हिलला) शिकतोय, ऑर्थो नाही, दुसरी ब्रँच. आमचं कॉलेज १९६३ चं, आधी शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं होतं, आता नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जे १९९८ ला झालं. म्हणजे पन्नाशीच्या पुढच्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर कोल्हापूर दिसलं तर दचकू नका, बरेच जण विचारतात हे काय कोल्हापूरला शिकले का.

मेडल विषयाला असतं. फर्स्ट इयरला अ‍ॅनाटॉमीत पहिला आला तर मेडल, फार्मकमध्ये (औषधांच्या विषयात) पहिला आला तर मेडल. पंचवीस वर्षांपूर्वी अ‍ॅनाटॉमीत पहिला आलेला माणूस आज गुडघा कसा करेल हे त्या मेडलला काय माहीत. एमएसच्या फायनलला विद्यापीठात पहिला असेल तर गोष्ट वेगळी, ते खरंच मोठं आहे. शिवाय कॉन्फरन्सला पेपर वाचला, तिथं बेस्ट पेपरचं मेडल मिळालं की तोही माणूस 'गोल्ड मेडलिस्ट' लिहायला मोकळा. त्यामुळं विचारायचं, सर कशात?

पद्म पुरस्काराचं पण एक आहे, लोकांना माहीत नसतं. सुप्रीम कोर्टानं १९९५ च्या निकालात सांगितलंय की पद्म पुरस्कार ही पदवी नाही, नावाच्या आधी किंवा नंतर लावायची नाही. आमच्या सरांनी हे लेक्चरला सांगितलं होतं आणि पुढं म्हणाले, ज्यांना खरा पद्म मिळतो त्यांना लावता येत नाही आणि ज्यांना हॉटेलात ट्रॉफी मिळते ते पाटीवर रंगवतात.

---

रत्ना_सिस्टर_निवृत्त

बाळा, मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली अकरा ऑर्थोच्या वॉर्डात. वरचे डॉक्टर म्हणतात ते सगळं बरोबर, पण ते रुग्णाला झोपवून मोकळे होतात, जाग आल्यावर आम्ही असतो.

आम्ही डॉक्टर कसा ओळखायचो सांगू? ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. काही डॉक्टर राउंडला येतात आणि फाईल बघतात. काही डॉक्टर येतात आणि पोटरी दाबून बघतात, पायाचा अंगठा हलवायला लावतात, पट्टी ओली आहे का ती स्वतः वाकून बघतात, मग म्हणतात सिस्टर यांना आज उभं करायचं. एक होते, आता नाहीत ते, राउंडला आले की पहिल्यांदा रुग्णाच्या कॉटखालची चप्पल बघायचे. गुळगुळीत तळव्याची असली की नातेवाइकाला झापायचे, आधी चप्पल बदलून आणा, मी एवढी मेहनत करून गुडघा बसवला आणि ही बाई बाथरूमात घसरून पडली तर. त्यांच्यापुढं एमएस सोडून काही नव्हतं. पण दुसरेही एक होते, परदेशात शिकून आलेले, अक्षरांची माळ, आणि तेही असेच वाकून बघायचे. म्हणून मी माळेवरून काही बोलत नाही.

तू एक काम कर. त्या हॉस्पिटलात ओपीडीच्या वेळी नको, दुपारी चारला जा. फिजिओथेरपीवाली मुलगी किंवा मुलगा कोण आहे बघ, त्यांच्याशी दोन शब्द बोल. आईला उभं कधी करतात, घरी सोडताना पाय किती वाकतो, घरी येऊन व्यायाम कोण घेणार. आणि ज्यांचं होऊन सहा महिने झालेत असा एखादा पेशंट फॉलोअपला आलेला भेटला तर त्याला विचारू नको की डॉक्टर कसे आहेत, तो चांगलेच म्हणणार. त्याला म्हण, जिना चढून दाखवता का?

---

विजापूररोड_५७

माझा अनुभव कडू आहे. नाव, गाव, हॉस्पिटल काही सांगत नाही. वडिलांचं पोटाचं ऑपरेशन, पाटीवरची अक्षरं बघून आम्ही हरखलो होतो, भावकीत सांगत फिरलो की लई मोठा डॉक्टर मिळाला. ऑपरेशनच्या दिवशी 'मोठे डॉक्टर' कॉन्फरन्सला होते आणि त्यांच्या टीममधल्या कुणीतरी केलं हे आम्हाला डिस्चार्ज कार्ड वाचून कळलं. वडील वाचले, देवाची कृपा, पण पुढं महिनाभर जखम वाहत होती. ज्यांनी केलं ते वाईट असतील असं म्हणत नाही, कदाचित तेच जास्त चांगलं करत असतील, पण आम्हाला सांगायला नको? त्यामुळं शिलाईवाले दादा, विचाराच, की चाकू कोण धरणार. आणि सही करायच्या आधी संमतीपत्रावर सर्जनचं नाव लिहिलंय का बघा. आम्ही कोऱ्यावर सही केली होती. चूक आमचीच.

---

शिलाईवाला_अशोकचौक

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिस्टर, चपलेचं वाचून आई हसली, तिची चप्पल बघितली तर तळवा आरशासारखा झालाय, आज सकाळी नवी पेठेतून नवीन आणली. भूलवाले सर, हे सगळं खरं की खोटं हे तपासायचं कुठं? म्हणजे पाटीवर लिहिलंय ते खरंच आहे का?

---

भूलवाला

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर नावानं किंवा नंबरानं डॉक्टर शोधता येतो, फुकट आहे. एमबीबीएसची नोंद तिथं असते आणि एमएस, डीएनबी वगैरे झाल्यावर ती जास्तीची पात्रता म्हणून वेगळी नोंदवावी लागते, ती दिसते का बघा. आणि एक मजा सांगतो, आता नंबर बघितला की वर्ष कळतं. नव्या पद्धतीच्या नंबरात आधी साल, मग महिना, मग आकडा, म्हणजे २००४ नं सुरू होणारा नंबर म्हणजे २००४ ला नोंद झालेला डॉक्टर. जुन्या लोकांचा नुसता आकडा असतो. 'तीस वर्षांचा अनुभव' लिहिलंय आणि नंबर २००९ चा, असं दिसलं तर तुम्हीच समजून घ्या, किंवा आधी दुसऱ्या राज्यात नोंद होती का विचारून घ्या.

ही नोंद दर पाच वर्षांनी ताजी करावी लागते आणि त्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे लेक्चरं, कॉन्फरन्स वगैरे. काही जण शेवटच्या दोन महिन्यांत धावपळ करून जमवतात, मीही एकदा जमवलेत, लपवत नाही.

आणि नियम. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणं रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर लिहिणं डॉक्टरला बंधनकारक आहे. नावापुढं मान्यताप्राप्त पदव्या किंवा ज्ञान-कामगिरी दाखवणाऱ्या गोष्टीच लावायच्या असंही त्यात आहे. म्हणून ज्या पाटीवर दहा ओळी आहेत आणि नंबर नाही, तिथं मला आधी तो नंबर हवा असतो. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या पाटीवर आहे. पहिल्यांच्या पाटीवर तुम्हाला दिसला का? नसेल दिसला तर चिठ्ठी काढून बघा, तिथं असेल. उगाच संशय नको.

त्याच आचारसंहितेत हेही आहे की कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची. ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या (म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या) डब्यावरचे स्टिकर फाईलला चिकटवून घ्या, कंपनी, साईज, बॅच नंबर सगळं त्यावर असतं. पुढं कधी काही झालं, दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तर तो पहिल्यांदा तेच मागणार. आणि इम्प्लांटच्या किमतीवर सरकारनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातलीय, बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी मागा, पॅकेजच्या पोटात घालू देऊ नका.

आकड्याचा प्रश्न विचारायला लाजू नका. महिन्याला किती गुडघे करता. जास्त संख्येनं करणाऱ्यांकडं गुंतागुंत कमी होते हे जगभरच्या अभ्यासात वारंवार दिसलंय, त्यात अपमान काही नाही. आणि पुढचा प्रश्न, जंतुसंसर्ग झालेला पेशंट शेवटचा कधी होता आणि त्याचं काय केलंत. 'माझ्याकडं कधीच होत नाही' म्हणणाऱ्यापासून मी स्वतः दोन हात लांब राहतो. ज्यानं शंभर केलेत त्याला एखादा तरी आठवतोच.

---

पार्कचौक_कट्टा

आणि ते एनएबीएच लिहिलेलं असतं ते? ते पण डॉक्टरचं का?

---

सिव्हिलचा_रेसिडेंट

ते हॉस्पिटलला मिळणारं मानांकन. स्वच्छता, कागदपत्रं, औषधं ठेवायची पद्धत, ओटीतली शिस्त असल्या गोष्टी तपासून देतात. आत कुठला सर्जन किती चांगला हे त्यावरून कळत नाही, पण गुडघ्यासारख्या ऑपरेशनला जंतुसंसर्गाची भीती मोठी, त्यामुळं असलं तर चांगलंच.

---

शिलाईवाला_अशोकचौक

पुढं काय झालं ते कळवावं म्हणून लिहितोय. दोन्हीकडं परत जाऊन आलो, प्रश्न कागदावर लिहून नेले होते, बायकोनं मागून कोपर मारलं पण विचारले.

पहिल्या डॉक्टरांचा नंबर चिठ्ठीवर होता, वेबसाईटला नाव निघालं, एमएस आणि डीएनबी दोन्ही नोंदलेलं. फेलोशिपचं विचारलं तर जर्मनीची तीन आठवड्यांची आणि कोरियाची दहा दिवसांची निघाली, पण ते स्वतःच हसून म्हणाले की खरं शिकलो ते पुण्यात, एका सरांकडं दीड वर्ष होतो, आणि ते पाटीवर लिहिलेलंच नाही कारण त्याचं सर्टिफिकेट नाही. मग त्या सरांबद्दल वीस मिनिटं बोलत बसले, बाहेर पेशंट तुंबले. मेडल कशात ते विचारलं, म्हणाले फोरेन्सिकमध्ये, म्हणजे पोस्टमॉर्टेमच्या विषयात. मेव्हणा बाहेर येऊन इतका हसला की रिक्षा निघून गेली. महिन्याला दहा-बारा गुडघे करतात, ऑपरेशन स्वतः करणार, संमतीपत्रावर नाव लिहून देणार.

दुसरे डॉक्टर महिन्याला दोन-तीन करतात. त्यांनी खोटं सांगितलं नाही. जंतुसंसर्गाचं विचारलं तर ड्रॉवरमधून एक वही काढली, त्यात एका पेशंटचं सगळं लिहिलेलं, कधी कळलं, किती वेळा उघडून धुतलं, शेवटी वाटी काढून परत बसवायला पुण्याला कुणाकडं पाठवलं. तो माणूस अजून दर दिवाळीला येतो म्हणाले, चालत. आणि मग तेच म्हणाले, तुमच्या आईचा पाय बराच वाकडा झालाय, मला विचाराल तर जास्त करणाऱ्याकडं करा, मी फॉलोअपला आहेच, घरापासून जवळ आहे. त्यांनी जे नाव सांगितलं ते पहिल्या डॉक्टरांचंच.

सिस्टर, चारला गेलो होतो. फिजिओवाल्या मॅडम पहिल्यांकडं रोज असतात, दुसऱ्यांकडं बोलवाव्या लागतात. जिना चढून दाखवणारे एक आजोबा पण भेटले, अक्कलकोटचे, चढून दाखवलं, उतरताना मात्र कठडा धरला.

आई सगळं ऐकून म्हणाली, बरं, दोघंही भले माणूस दिसतात, पण तारीख गड्ड्यानंतरची घ्या. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ खुर्ची टाकून बसणार आहे म्हणती, गर्दीत कोण खुर्ची टाकू देणार देव जाणे. नवीन चपलेला आत्तापासून पाय बसवायलीय.